बारा आठवड्यांचे ससे

हिरामणभाऊ गावितांच्या हाताला जी सफाई होती ती पुढे मी कुठल्याही टेक्निशियनच्या हातात पाहिली नाही. आमचा विभाग शरीररचनेचा. अवयवाचा तुकडा मेणात बसवायचा, त्या मेणाचा ठोकळा यंत्रावर चढवायचा आणि केसाच्या विसाव्या हिश्श्याइतके पातळ काप काढायचे, हे त्यांचं काम. काप एकाला एक चिकटून रिबिनीसारखे बाहेर येतात. ती रिबिन कोमट पाण्यावर सोडायची आणि काचेच्या पट्टीवर उचलून घ्यायची. बाकीच्यांची रिबिन तुटायची, वळायची, पाण्यात चुरगळायची. हिरामणभाऊंची सरळ निघायची. पोरं मोबाईलवर त्याचे व्हिडिओ काढायची.

मी साधना, त्याच विभागाच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं होते. काचेचं सामान, रसायनं, रजिस्टर. माझ्या दारातून त्यांची खोली समोर दिसायची.

ते मूळचे सुरगाण्याकडचे, घाट उतरून गेल्यावरच्या एका पाड्यातले. दहावी करून नाशकात आले आणि कॉलेजच्या प्राणिगृहात ससे सांभाळायला लागले. पिंजरे धुणं, पाणी बदलणं, लसूणघास कापून घालणं. पुढे विभागातल्या म्हाताऱ्या टेक्निशियनच्या मागे उभं राहून बघत बघत ते काप काढायला शिकले. तो निवृत्त झाल्यावर यंत्र यांच्याकडे आलं. पगार मात्र कितीतरी वर्षं रोजंदारीचाच राहिला. आणि सशांचं काम त्यांनी सोडलं नाही. कोणी सांगितलं नव्हतं, तरी सकाळी आधी प्राणिगृहात चक्कर मारायचे, मग आमच्याकडे यायचे.

एखाद्या कामासाठी ससा मारायचा असला की तो पिंजऱ्यातून काढून टेबलापर्यंत तेच न्यायचे.

"अनोळखी हात लागला की लय थरथरतात," म्हणायचे. "माझा हात ओळखीचा हाय."

गुंगीचं औषध चढून ससा शांत होईपर्यंत त्यांचा तळवा त्याच्या पाठीवर असायचा. त्या दिवशी ते डबा उघडत नसत.

मंजुषा आमच्याकडे पीएच.डी.ला आली ती मखमलाबादच्या एका बागायतदाराची मुलगी. घरचा शेवंतीचा आणि भाजीपाल्याचा मळा. वडील आठवड्यातून दोनदा स्कूटरवर लसूणघासाचा भारा घेऊन यायचे. "लेकीचे ससे आहेत, उपाशी कसे ठेवू," म्हणायचे. मुलगी हुशार आणि कामाला वाघ. पहिल्याच आठवड्यात तिने हिरामणभाऊंना काका करून टाकलं.

तिचा विषय ऐकायला अवघड वाटायचा, पण तिने मला तो एकदा स्टोअरच्या काउंटरवर बसून समजावला होता. प्रत्येक पेशीला आतून एक सांगाडा असतो. हाडांचा नव्हे, प्रथिनांच्या बारीक तंतूंचा. अॅक्टिन, व्हिमेंटिन अशी त्यांची नावं. पेशीचा आकार, तिची ताकद, तिचं आकसणं हे सगळं त्या तंतूंवर. सशाच्या वृषणात नागमोडी नळ्या असतात आणि त्यांत शुक्रजंतू तयार होतात. प्रत्येक नळीभोवती चपट्या पेशींचा एक पातळ थर असतो. पिल्लू लहान असतं तेव्हा त्या थरात अॅक्टिन जवळजवळ नसतं. नर वयात येतो तसं ते भरत जातं, मग तो थर नळीला आवळू शकतो, शुक्रजंतू पुढे ढकलू शकतो. ठरावीक रसायन लावलं की सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक नळीभोवती तपकिरी कडं दिसतं. ते कडं नेमकं कधी उमटतं, हे मंजुषाला शोधायचं होतं.

सहा आठवड्यांचे सहा ससे, बारा आठवड्यांचे सहा, वीस आठवड्यांचे सहा. एक ते अठरा असे नंबर. सात ते बारा हे मधले, आणि सगळा प्रश्न या मधल्यांचाच होता.

दोन हजार सोळाचा मे महिना. मधल्या गटातल्या सात आणि आठ नंबरच्या सशांचं काम आदल्या आठवड्यात उरकलं होतं. नऊ ते बारा नंबरच्यांचे तुकडे शुक्रवारी मेणात गेले. मेण पातळ राहावं म्हणून ओव्हन साठ अंशांवर ठेवतात. आमच्या ओव्हनचा काटा बिघडलेला होता. मध्येच उष्णता चढायची, म्हणून संध्याकाळी जाताना कोणीतरी बघून बटण मागे घ्यावं लागायचं. मी दुरुस्तीसाठी दोनदा लिहून दिलं होतं, आणि हिरामणभाऊंना ते पक्कं माहीत होतं.

त्याच संध्याकाळी गावी त्यांच्या भाचीची हळद होती. सुरगाण्याची गाडी चारची. तुकडे आणखी तासाभराने बाहेर काढून ठोकळे करायचे होते. रजा मागितलेली नव्हती, कारण त्याच महिन्यात त्यांना कायम करण्याची फाईल ऑफिसात फिरत होती आणि रजा मागायला त्यांची जीभ रेटत नव्हती. कोणाला सांगावं तर लवकर निघतोय हे कळलं असतं. उद्या सकाळी येऊन काढू, एवढा वेळ काय होतंय, असा विचार करून ते निघून गेले. शनिवारी सकाळी मेव्हण्यांनी येऊ दिलं नाही. रविवारी लग्न.

सोमवारी मी स्टोअर उघडलं तेव्हा पॅसेजमध्ये तापलेल्या मेणाचा वास भरला होता. हिरामणभाऊ माझ्या आधी आले होते. त्यांच्या खोलीच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या आणि ते ओव्हनसमोर पाठमोरे उभे.

"काय झालं हो?" मी दारातून विचारलं.

"काही नाय ताई. मेण सांडलं जरा."

सांडलेल्या मेणाला असा वास येत नाही. इतकी वर्षं त्या पॅसेजमध्ये काढलेल्या बाईला ते कळत होतं. पण महिनाअखेरीचा स्टॉक मोजायचा होता, आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही हा माझा तेव्हाचा बाणा. मी परत येऊन खुर्चीत बसले.

आत काय घडलं होतं ते मला सात वर्षांनी कळलं. उष्णता नव्वदपर्यंत गेली होती. चारही सशांचे तुकडे करपलेल्या खोबऱ्यासारखे आकसले होते. तरी त्यांनी ठोकळे केले, एक काप काढून साधा रंग देऊन पाहिला. नळ्या चिरफळलेल्या, पेशींचा पत्ता नाही. त्यावर मंजुषाचं रसायन लावून काहीही उमटणार नव्हतं.

सरळ मार्ग एकच होता. मंजुषाला सांगायचं. तिने आरडाओरडा केला असता, प्राणी वापरायला परवानगी देणाऱ्या समितीकडे अर्ज केला असता, आणखी चार ससे मागवले असते, तीन-चार महिने गेले असते.

हिरामणभाऊंनी दुसरा मार्ग धरला. सात आणि आठ नंबरच्या सशांचे बरेच तुकडे शिल्लक होते, दोन्ही बाजूंचे, वरचे, खालचे. त्यातून त्यांनी आणखी काप काढले. नेहमीसारखे सरळ आणि सुबक. काचेच्या पट्ट्यांवर पेन्सिलीने नंबर घातले. नऊ, दहा, अकरा, बारा. दोन दिवसांत काम झालं. दोन ससे सहा झाले.

पुढच्या आठवड्यात मंजुषा धावतच पॅसेजमध्ये आली.

"काका! सहाच्या सहा! अहो, सगळे एकसारखे आलेत. बघा तर खरं."

तिने त्यांचा दंड धरून त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. मीही मागून डोकावले. प्रत्येक नळीभोवती तपकिरी कडं, बांगडीसारखं. हिरामणभाऊ बराच वेळ डोळा लावून बसले.

"छान आलंय, ताई," म्हणाले.

ऑगस्टमध्ये ते कायम झाले. पुढच्या वर्षी मंजुषाचा प्रबंध पूर्ण झाला, एका चांगल्या नियतकालिकात लेखही छापून आला. बाराव्या आठवड्यात सशाच्या नळीभोवतीचा थर पूर्ण वयात आलेला असतो, असा तिचा निष्कर्ष होता. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर वडिलांच्या नावाखाली श्री. हिरामण गावित असं नाव होतं. तिने त्या पानाची झेरॉक्स काढून, चौकटीत लावून त्यांना आणून दिली. ती चौकट त्यांनी घरी नेली नाही. त्यांच्या कपाटात, जुन्या अॅप्रनखाली ती उलटी ठेवलेली असायची. मला वाटायचं, माणूस लाजाळू आहे.

त्यानंतर ते बदलले, पण बदल असा की कोणाला खटकू नये. प्रत्येक पट्टीवर नंबर घातला की तीनदा तपासायचे. वहीत लिहायचे, वहीतलं पुन्हा पट्टीशी ताडून बघायचे. पोरं मागून हसायची. ओव्हनसाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून एक थर्मामीटर आणला. घरी भागीवहिनींनी मला एकदा विचारलं होतं, "हे झोपेत नंबर का मोजतात हो? नऊ, धा, अकरा, बारा. पुढं नाय जात." मी हसून म्हटलं, काम डोक्यात असतं त्यांच्या.

दोन हजार तेवीसमध्ये कळवणची रूपाली आमच्याकडे आली. शेतकऱ्याची मुलगी, मितभाषी, वहीत बारीक अक्षरात सगळं टिपणारी. उन्हाळ्याच्या झळांनी सशाच्या त्याच थरावर, त्याच अॅक्टिनवर काय परिणाम होतो हे तिला बघायचं होतं. त्यासाठी आधी तुलनेला बारा आठवड्यांचे निरोगी ससे हवे होते. तिने आठ घेतले. आठांपैकी तिघांत कडं पूर्ण, दोघांत अर्धवट, तिघांत काहीच नाही.

विभागप्रमुख मॅडमनी तिला समोर बसवलं. दार उघडंच होतं.

"मंजुषाच्या कामात सहाच्या सहांत आलंय, रूपाली. छापून आलेलं आहे. तुझं स्टेनिंग चुकतंय."

रूपालीने नवीन रसायन मागवलं. पुन्हा केलं. तेच. मग मॅडम म्हणाल्या, नवीन ससे घे. आणखी आठ आले. हिरामणभाऊंनी त्यांना वाढवलं, बारा आठवडे झाले तसे एकेकाला उचलून टेबलावर नेलं. निकाल तसाच, काहींत आहे, काहींत नाही. मॅडमनी तिसऱ्यांदा आठ मागवायला सांगितलं आणि हेही सुचवलं की पोरीच्या हातातच दोष असेल तर तिने विषय सोडलेला बरा.

त्या दुपारी रूपाली हात धुवायच्या बेसिनपाशी उभी राहून रडत होती. नळ चालू ठेवून, आवाज येऊ नये म्हणून. वडिलांना फोनवर सांगत होती की मी परत येते, तिकडे कुठल्या शाळेत लागते. हिरामणभाऊ मागच्या टेबलावर काप काढत होते. त्यांनी यंत्र थांबवलं.

पाच मिनिटांनी ते माझ्या स्टोअरमध्ये आले, दार लोटलं आणि बाटल्यांच्या खोक्यावर बसले.

"साधनाताई, तिच्या हातात दोष नाय," म्हणाले. "माझ्या हातात हाय."

मग सगळं सांगितलं. गाडी, हळद, ओव्हन, पेन्सिल. सांगताना आधी सशांचंच कारण दिलं. आणखी चार जीव गेले असते, मला पुन्हा त्यांना उचलून न्यायचं नव्हतं, असं म्हणाले. मग तेच थांबले.

"सात वर्षं मी हेच घोकतोय. चार वाचवले, चार वाचवले. आता हे दुसरे आठ कोणामुळं गेले? मीच त्यांना घास घातला, मीच नेलं."

मी म्हणाले, "त्या सोमवारी मला वास आला होता, हिरामणभाऊ. मी समजले होते."

"तुम्ही पुन्हा विचारलं असतं तरी मी खोटंच बोललो असतो."

"असेल. पण मी पुन्हा विचारलं नाही."

बाहेर कोणीतरी स्पिरिट मागायला आलं होतं, त्याला मी नंतर ये म्हटलं.

"मॅडमना सांगायचं," ते म्हणाले, "पण आधी मंजुषाताईंना. त्यांच्या मागं नको. तुम्ही याल का?"

रविवारी सकाळी आम्ही माझ्या अॅक्टिव्हावर इंदिरानगरला गेलो. मंजुषा तेव्हा नाशिकमध्येच दुसऱ्या एका कॉलेजात शिकवत होती. दार तिनेच उघडलं. आम्हाला बघून तिचा चेहरा फुलला.

"काका! पत्रिका आणलीत ना? मुलीचं ठरलं असं ऐकलं मी."

हिरामणभाऊंनी खिशातून प्लास्टिकची डबी काढून टीपॉयवर ठेवली. आत मेणाचे चार ठोकळे. कडेला त्यांच्याच अक्षरात नऊ, दहा, अकरा, बारा. करपलेले ठोकळे त्यांनी सात वर्षं टाकले नव्हते. मलाही ते तेव्हाच कळलं.

मंजुषाने एक ठोकळा उचलला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, नखाने खरवडून पाहिला.

"हे माझे आहेत? पण इतके कडक कसे?"

त्यांनी सांगितलं. उभ्यानेच, एका दमात, खाली बघून. सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मग मी जे मोजले ते कोणाचे?"

"सात आणि आठचे."

"प्रत्येकी किती? कुठल्या बाजूचे?"

"नऊ आणि दहा सातचे, डाव्या बाजूचे. अकरा आणि बारा आठचे. एक डावा, एक उजवा."

तिने टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ते लिहून घेतलं. पेन नीट टोपण लावून ठेवलं. मग खुर्चीत बसली.

"म्हणून एकसारखे होते," स्वतःशीच म्हणाली. "मी चार ठिकाणी भाषण दिलं यावर. सगळ्यांना सांगितलं, बघा किती एकसारखे आहेत."

"ताई, आणखी चार ससे..."

"सशांचं नाव घेऊ नका, काका."

आतून तिच्या सासूबाई चहा घेऊन आल्या, आमच्याकडे बघून ट्रे ठेवून परत गेल्या.

"नाय घेत," हिरामणभाऊ म्हणाले. "परमनंटची फाईल होती. मी घाबरलो. तेवढंच खरं हाय."

"मला तेव्हा सांगितलं असतं तर मी चिडले असते. आठवडाभर बोलले नसते तुमच्याशी. आणि मग पुन्हा कामाला लागलो असतो आपण दोघं." तिचा आवाज चढत नव्हता, उलट खाली जात होता. "पंधरा दिवसांनी माझी असोसिएट प्रोफेसरची मुलाखत आहे. माहीत होतं तुम्हाला?"

"नाय."

"माहीत असतं तर आला नसता?"

त्यांनी विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं.

"आलो असतो," म्हणाले. "पण मुलाखत झाल्यावर."

मंजुषाने मान हलवली. मी मध्येच म्हणाले की त्या सोमवारी मला वास आला होता आणि मी काही केलं नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्या खोलीत आहे हे तिला तेव्हाच दिसलं.

"तुम्ही दोघंही आता जा," ती म्हणाली. "मला फोन करायचेत."

चहा तसाच राहिला. खाली उतरल्यावर हिरामणभाऊ म्हणाले, मी चालत जातो. इंदिरानगर ते त्यांची खोली म्हणजे चांगलं दीड तासाचं अंतर. मी गाडी हळू चालवत थोडा वेळ त्यांच्या बाजूने गेले. मग त्यांनी हाताने पुढे जा अशी खूण केली.

पुढचं झपाट्याने झालं. मंजुषाने त्याच दिवशी आमच्या मॅडमना फोन केला, नियतकालिकाला स्वतः पत्र लिहिलं आणि लेख मागे घेतला. मुलाखतीच्या वेळी कोणी विचारायच्या आत तिने समितीला सगळं सांगितलं. त्यांनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि दुसऱ्याला घेतलं. विद्यापीठात चौकशी बसली. पदवी राहिली, पण प्रबंधातलं एक प्रकरण नव्याने लिहून द्यावं लागलं. लेक्चररच्या खोलीत तिच्या पाठीमागे काय काय बोललं गेलं ते तिने सांगितलं नाही, पण एवढ्याशा शहरात ते माझ्यापर्यंत आलंच. कोणी म्हणालं, टेक्निशियनवर ढकलते आहे. कोणी म्हणालं, तिला आधीपासून माहीत असणार.

हिरामणभाऊंना यंत्रावरून काढलं आणि पुन्हा प्राणिगृहात पाठवलं, जिथून ते आले होते तिथेच. चौकशीत त्यांनी एकही वाक्य स्वतःच्या बाजूने लिहून दिलं नाही. मी माझा जबाब दिला, वासाचा, पुन्हा न विचारल्याचा. तो फाईलला लागला. मला कोणी काही केलं नाही, कोणी काही म्हटलंही नाही, आणि तेच मला सोसायला जड गेलं.

रूपालीच्या हातात दोष नव्हताच. तिचे आधीचे आठ आणि नंतरचे आठ मिळून सोळा ससे हेच सांगत होते की बाराव्या आठवड्यात सगळे एकसारखे नसतात. कोणी लवकर वयात येतो, कोणी उशिरा. त्या वयाचं खरं वैशिष्ट्य हा फरकच होता. सात आणि आठ हे दोघेही योगायोगाने लवकर आलेले निघाले. करपलेल्या चौघांचं काय होतं ते आता कोणालाच कळणार नाही. मंजुषाने आणि रूपालीने मिळून नवा लेख लिहिला. त्यात दुरुस्तीचा परिच्छेद मंजुषाने स्वतः लिहिला. तिसऱ्यांदा मागवलेले आठ ससे तोवर येऊन पडले होते. रूपालीला त्यांची गरज उरली नाही, पण ससे परत जात नसतात. काही महिन्यांनी ते दुसऱ्या कोणाच्या तरी कामात गेले.

त्या कामासाठी मंजुषा आमच्याकडे चार-पाच वेळा आली. एकदाच प्राणिगृहापाशी थांबली. मी घासाचं बिल घेऊन तिथे गेले होते. हिरामणभाऊ पिंजरे धूत होते, त्यांनी पाइप बंद केला.

"गावित," ती म्हणाली. काका हा शब्द तिने पुन्हा वापरला नाही. "लोक मला विचारतात, तुम्ही त्यांना माफ केलं का. मी सांगते, मला माहीत नाही. तुम्हालाही तेच सांगते."

"बरोबर हाय, मॅडम."

ती निघाली. दोन पावलं जाऊन वळली.

"सात आणि आठच्या कापांमध्ये काही चूक नाही. इतके चांगले काप मी परत कुठे पाहिले नाहीत. ते बघूनच मला जास्त राग येतो."

ती गेल्यावर त्यांनी पाइप परत सुरू केला आणि धुतलेलाच पिंजरा पुन्हा धुवायला घेतला.

"सांगून टाकलं की हलकं वाटेल असं मला वाटायचं," एकदा घास तोडताना ते मला म्हणाले. "नाय वाटत, ताई. आधी मला एकट्याला माहीत होतं, आता सगळ्यांना हाय. वजन तेवढंच. फक्त झोप लागते." मग जरा थांबून, "ती लागते त्याचीही लाज वाटते."

गेल्या जूनमध्ये ते निवृत्त झाले. चौकशी झालेल्या माणसाला निरोप समारंभ द्यायचा की नाही यावर विभागात कुजबुज झाली, शेवटी पस्तीस वर्षांची नोकरी म्हणून द्यायचं ठरलं. वर्गात बाकं सरकवून खुर्च्या मांडल्या. शाल, श्रीफळ, सामोसे. भागीवहिनी नवीन लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मुलगी आणि जावईही आले होते. मंजुषाला निमंत्रण होतं. ती आली नाही. रूपाली मागे भिंतीला टेकून उभी होती.

मॅडमनी कागद काढून वाचलं. असे कागद सगळ्यांचे सारखेच असतात, नाव तेवढं बदलायचं. "श्री. गावित हे कष्टाळू, मनमिळाऊ आणि प्रामाणिक कर्मचारी म्हणून..."

हिरामणभाऊ खुर्चीतून उठले.

"मॅडम, माफ करा. तो तिसरा शब्द काढा."

मॅडमनी कागदाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. भागीवहिनींनी पदर तोंडाशी घेतला.

"माझी माणसं बसलीत इथं," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर खोटं वाचू नका. कष्ट मी केले. ते राहू द्या."

मॅडमनी खिशातलं पेन काढलं आणि कागदावर एक रेघ मारली. पेनचा आवाज मागपर्यंत ऐकू गेला. मग त्यांनी ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलं, दोनच शब्दांचं. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि चुकीच्या जागी वाजवतोय हे कळून थांबलं.

शाल घालून झाली. सामोसे वाटले गेले. पोरं फोटो काढायला पुढे आली तेव्हा हिरामणभाऊंनी मान हलवून नको म्हटलं, आणि मुलीला जवळ बोलावून, तिच्या कानाशी वाकून ते काहीतरी सांगू लागले. बराच वेळ सांगत होते; हळद, ओव्हन, नऊ, धा एवढे शब्द माझ्यापर्यंत आले. ती ऐकत होती, हातातली प्लेट तशीच धरून.